खेकडीचं बाळंतपण

आमच्या गावात खेकडीबद्दलची एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती घडताना कुणीच पाहिलेली नव्हती. खेकडी पिल्लांना जन्म देत नाही; पिल्लंच तिची पाठ फाडून बाहेर येतात आणि तिला आतून खाऊन टाकतात, अशी ती गोष्ट. पाटाच्या काठी एखादं रिकामं कवच सापडलं, की बायका ते उलटं करून मागची चीर दाखवायच्या. एवढा पुरावा हातात असल्यावर वाद कोण घालणार?

वाद मलाच घालायचा होता, कारण ती गोष्ट माझ्या गळ्यात बांधलेली होती. माझ्या जन्मानंतर लगेच माझी आई वारली. मला वाढवलं ते फुईनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या, थोरल्या विधवा बहिणीनं. तिनं मला पोटभर जेवायला घातलं, वेण्या घातल्या, शाळेतही पाठवलं. पण कुणाचं बारसं असो की डोहाळजेवण, ती मला उंबऱ्याबाहेर थांबवायची आणि जमलेल्या बायकांना सांगायची, "खेकडीनी पोर शे. मायले खाईसन उनी." आबा हे ऐकायचे आणि गप्प राहायचे. त्यांनाही तसंच वाटतं, असं मी धरून चालले होते. तो राग या वयातही माझ्या पोटात आहे, उगीच साधुत्वाचा आव आणत नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. साक्रीहून पांझरा नदीच्या पलीकडच्या काठाला आमचं गाव. मी तेरा वर्षांची होते. भाऊ भुसावळला रेल्वेत होता आणि वहिनीला दिवस गेले होते. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती आमच्याकडेच राहिली. हसरी, सावळी, माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी. मला ती ताई म्हणायची आणि घरात कुणी नसताना माझा हात आपल्या पोटावर ठेवायची. "लात मारस देख," म्हणायची. फुईनं पाहिलं असतं तर दोघींची धडगत नव्हती.

श्रावणाच्या तोंडाला पाटकरी पाटाचा काठ खणत होता. खेकडे काठात बिळं करतात, त्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या उसाला पोचत नाही, म्हणून तो बिळं खणून माती ठोकून बसवायचा. त्याच्या कुदळीपुढे एक मोठी खेकडी निघाली. त्यानं ती उलटी केली. पोटावरचं रुंद झाकण थोडं वर उचललं गेलं होतं आणि त्याच्याखाली बाजरीच्या दाण्याएवढी पिल्लं खचाखच भरली होती, प्रत्येकाला डोळे, नांग्या, पाय सगळं जागच्या जागी. मी ती मागून घेतली. श्रावण असल्यामुळे घरात तिला शिजवायला कुणी मागणार नव्हतं.

गोठ्यामागे एक कानतुटका माठ होता. त्यात ओली माती, थोडं पाणी आणि आडोशाला खापरीचा तुकडा टाकून मी तिला ठेवलं. खरं काय ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. वहिनीला कळलं तशी तीही येऊन माठात वाकून बघायला लागली. तिचा चेहरा पाहून मला माझी चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता. फुईची गोष्ट तिलाही लहानपणापासून ठाऊक होती. रोज सकाळी दात घासता घासता ती मला हळूच विचारायची, "ताई, जित्ती शे ना?"

"जित्ती शे," मी सांगायचे, आणि मग ती न्याहारीला बसायची.

पिल्लं एकेक करून झाकणाखालून उतरली. आईची पाठ कुणी फाडली नाही. एकमेकांचे पाय मात्र त्यांनी खुशाल तोडले. बरीचशी मी पाटात सोडून आले. खेकडी खापरीखाली बसून असायची, खाणं तिनं जवळजवळ सोडलं होतं. तिचं लक्षण मला ठीक दिसत नव्हतं, पण हे मी वहिनीला सांगितलं नाही.

मग वहिनीच्या कळा सुरू झाल्या. एक आख्खा दिवस गेला, रात्र गेली, आणि सकाळ झाली तरी काही होईना. सुईण दाराबाहेर येऊन फुईशी कुजबुजायची आणि परत आत जायची. वहिनीचं ओरडणं बारीक होत चाललं होतं. मी दाराशी गेले की फुई म्हणायची, "तू आठे नको थांबू." शेवटी आतून वहिनीचाच आवाज आला, अगदी दमलेला. "ताई, जित्ती शे ना?"

मी गोठ्यामागे धावले. माठात खेकडी पालथी पडली होती. बोटानं ढकललं तर हलली नाही. उचलली, तर हाताला वजनच लागेना. वाळल्या शेंगेच्या टरफलासारखी हलकी. पाय, नांग्या, डोळ्यांच्या काड्या सगळं होतं, आत काहीच नव्हतं. मागे पाठीशी आडवी चीर होती, बायका दाखवायच्या तशीच. मी तिथंच खाली बसले. फुई खरी होती. मी आईला खाऊन आले होते आणि आता वहिनीही जाणार होती. ती आत उत्तराची वाट बघत होती, आणि मला उठवत नव्हतं.

तेवढ्यात खापरी हलली. मी ती उचलली तर खाली खेकडी बसलेली. फिकट, ओली, आधीपेक्षा मोठी. पाठीवर बोट टेकवलं तर मळलेल्या कणकेसारखं आत गेलं. तिनं नांगी उचलली, पण चिमटा काढायचं बळ तिच्यात नव्हतं. सापासारखी तिनं कात टाकली होती. मागची चीर पिल्लांनी पाडली नव्हती, तिथून ती स्वतःच बाहेर आली होती.

मी दारावर हात आपटला. "वहिनी, जित्ती शे. मी आते देखी." आत सुईण तिला हाका मारत होती. गोठ्यामागून तो माठ आणि ते कवच उचलून मी ओट्यावर आबांकडे गेले. ते दोर वळत बसले होते, आणि दोर कितीतरी वेळ तेवढाच होता.

"आबा, खेकडी मरनी नही," मी म्हटलं. "वहिनीले साक्रीले दवाखानामा लई चला."

आबांनी कवच हातात घेतलं. चिरेवरून अंगठा फिरवला, मग माठात पाहिलं. माझ्या हातातली कुठलीच वस्तू त्यांनी आजवर एवढा वेळ पाहिली नव्हती. फुई मागून म्हणाली, "नदीले पानी शे. जरा उतरू दे. सांजले जाऊत."

आबा उठले. "सांजले नही. आते."

त्यांनी स्वतः बैल जुंपले. गाडीत कडबा पसरून त्यावर गोधडी टाकली आणि वहिनीला उचलून ठेवलं. फुई आणि सुईण दोन्ही अंगांना बसल्या. मला कुणी ये म्हटलं नाही, मी गाडीमागे चालू लागले. नदीत बैलांच्या पोटाला पाणी लागत होतं. मधोमध एक चाक रुतलं. आबा खाली उतरले, मी मागून आले, पाटकरी धावत आला, आणि आम्ही चाकाला खांदे लावले. वहिनी डोळे उघडून वर बघत होती, पण ओळखत कुणालाच नव्हती. चाक सुटलं तेव्हा मी छातीपर्यंत भिजले होते.

साक्रीच्या सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं, फुईही आत गेली. आबा आणि मी व्हरांड्यात बसून राहिलो. दुपार कलताना मूल रडलं. नर्सनं डोकं बाहेर काढून सांगितलं, "दोघंही बरी आहेत. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझ्याकडे न बघता ते बोलू लागले. "तुनी मायले तीन दिवस ताप व्हता. बैल उसना चरकले जुपेल व्हतात, गूळना काहीलमा रस चढेल व्हता. बैल सोडतू तर बठ्ठा गूळ बिघडता. मी म्हनं, सांजले जासू. तवलोंग ती गई."

आईचा मृत्यू मला पहिल्यांदा कुणी सांगत होतं. तेरा वर्षं मी एका खेकडीच्या गोष्टीत राहिले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं, आणि तो संन्यासी पाळण्यातलं पोर होतं. आबांची दया आली नाही. त्यांना मारावंसं वाटलं.

"हे फुईले सांगा," मी म्हटलं. "मन्हासमोर सांगा."

"तिले ठाऊक शे," आबा म्हणाले. "काहीलपाशी तीच बठेल व्हती. बैल नको सोडू, असं तिनीच सांगं."

मी उठून आत गेले. वहिनी झोपली होती. फुई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहताच तिनं पदर त्याच्यावर ओढला. मी पदर बाजूला केला, दोन्ही हात बाळाखाली घातले आणि त्याला उचललं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं हात सोडले.