चिमणीची तिसरी तार

सासूबाईंना दम्याचा त्रास होता. मिरचीची फोडणी पडली की त्या ओट्याचा कोपरा धरून खोकत राहायच्या. ते मला बघवेना, म्हणून नव्वदीच्या दशकात बारामतीहून धूर ओढणारी इलेक्ट्रिक चिमणी आणली. वडगाव निंबाळकरच्या आमच्या आळीत ती पहिलीच. "नव्याचं नऊ दिस," शेजारीण म्हणाली. मला मात्र वेगळाच किडा चावला होता. आमच्या टेबलफॅनला दोन तारा, मग हिला तीन कशाला?

वायरमन आला तशी भाकरी तव्यावर टाकून मी त्याच्या मागे लागले. "ती अर्थिंगची, वहिनी," तो म्हणाला. "आत तार सुटून पत्र्याला लागली तर करंट माणसात शिरायच्या ऐवजी जमिनीत जातो."

मागे मोरीजवळ जमिनीत एक लोखंडी कांब ठोकलेली होती. तिला त्याने ती तार जोडली. बटण दाबलं, पंखा घुमला, तव्यावरच्या करपलेल्या भाकरीचा धूर सरळ वर गेला. मी खूश! त्याने सवयीने चिमणीच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला.

"हात लावू नका कुणी!" ओरडत त्याने मेन स्विच पाडला आणि मोरीकडे धावला. कांबीला आधीच बांधलेली एक तार त्याने मघाशी जुन्या अर्थिंगचीच समजली होती.

"ती माझी," सासरे, म्हणजे आबा, ऐटीत म्हणाले. "पोलवरची न्यूट्रल, करंट माघारी न्यायची तार, तुटली. अर्ज करत कोण बसतंय? जमिनीतनंच घेतली. कांबीवर रोज कळशीभर पाणी ओतलं की बल्ब लख्ख! निम्मं गाव आसंच करतंय."

"आबा," वायरमन म्हणाला, "आख्ख्या घराचा करंट ह्या कांबीतनं परत जातोय. माती वाळली की त्याला वाट घावत न्हाय. मग ही कांब जित्ती, आन् तिला जोडलेला पत्राबी जित्ता."

"आणि कांबीपाशी उभं राहिलं तर?" मी विचारलं.

त्याने उलट विचारलं, "पानी कोण ओततं हितं?"

सासूबाई ओतायच्या. रोज सकाळी, अनवाणी, ओल्या हातांनी. त्यांचा धूर घालवायला निघालेली मी, आणि त्या इतकी वर्षं रोज मरणाला पाणी घालत होत्या.

पोलवरून न्यूट्रल येईपर्यंत आणि मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा वेगळा खड्डा होईपर्यंत मेनला हात लावायचा नाही, असं बजावून वायरमन गेला. आबांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. मग खालच्या आवाजात सासूबाईंना विचारलं, "पानी वतताना कदी झिणझिण्या आल्या का गं?"

"रोजच येत्यात," सासूबाई म्हणाल्या. "तुमास्नी सांगितलं व्हतं की. तुमी म्हणला, वय झालं."