डोंगरावरची पाच घरं

माझी आत्या शिवणकाम करायची. हात चालायचा त्याच्या दुप्पट तोंड. काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी मुखदुर्बळ. त्यांची वस्ती डोंगरावर होती. दरडीच्या भीतीने ती उठवली तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे वर झाडी माजली, वाट मोडली, आणि वर कधी वस्ती नव्हतीच असं लोक म्हणू लागले. काकांचं नाव पडलं 'ढगातले'. मेली रिकामटेकडी माणसं! काका हसून सोडून द्यायचे. पण हल्ली त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि एकदा तरी घर बघायचं हे त्यांनी मनात धरलं होतं.

मी खटपट करून जुन्या मोजणीच्या नकाशाची प्रत आणली. उंचीच्या तपकिरी रेघांमध्ये पाच काळे ठिपके! आत्याने ते ट्रेसिंग पेपरवर गिरवले आणि कापायच्या टेबलावर, आजच्या नकाशावर, नदीला नदी जुळवून ठेवले. त्या जागी आम्ही तिघं धापा टाकत चढलो, तर नुसता खडक. उतरताना काका एवढंच म्हणाले, "लोकांचंच खरं असेल. मी लहान होतो."

त्या दिवशी आत्याने भाजी करपवली. मग रागारागाने कागद पुन्हा मांडले आणि कपाळावर हात मारला. नदी कसली धरून बसलो, ती तर पात्र बदलते! झगा बेतताना आधी खांदा धरायचा, घेर नाही, हे शिकाऊ पोरींना ओरडून सांगणारी हीच बाई. तिने दोन शिखरांवर टाचण्या टोचल्या. ठिपके खिंडीच्या पलीकडे सरकले.

काका आता यायलाच तयार होईनात. गुडघ्यांचं निमित्त सांगत होते, पण पुन्हा खडकच दिसला तर, ही खरी धास्ती. आत्याने त्यांना आधी यथेच्छ झापलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "अहो, मला बघायचंय."

खिंडीपलीकडे गवतात दगडी जोती होती. काका कुणाला न विचारता सरळ एका जोत्यावर चढले, मधोमध जाऊन उभे राहिले आणि मागे वळले.

"बाहेर का उभी? आपलंच घर आहे. ये."

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या माझ्या आत्याने हे मात्र ऐकलं. तिने चपला बाहेर काढल्या आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा सासरी पाऊल टाकलं.