पऱ्हाटी फुटली आणि जाऊबाई गडावर निघाल्या

ये वं मंजुळा, कागदापाशी अशी जवळ सरक. तुझ्या मायच्या तेरवीला आलीस, डोळे पुसत बायांना म्हणालीस, "माझ्या मायनं काय पाहिलं जन्मात? चूल आन् वावर." आणि दुसऱ्या दिवशी दमणी जुंपून अकोटला निघूनही गेलीस. काकूला एक शब्द विचारला असतास तर? अगं, तुझ्या मायनं गाविलगड पाहिला. तोही भांडून. त्या दिवशी बायांच्या गर्दीत सांगायचं राहिलं, म्हणून आता महिन्याभरानं लिहून काढते. रिद्धपूरच्या महानुभाव बायांच्या मागे बसून चार अक्षरं शिकले, ती अशी कामी येतात. चुकलं तर हसू नको.

जाऊबाईंचा, म्हणजे तुझ्या मायचा, बाप गाविलगडावर गोलंदाज होता, हे तुला ठाऊक आहे. गड म्हणजे आपल्या मुलखाची वेस. इंग्रजांची पलटण चालून आली तेव्हा तो उत्तरेच्या तटावर पडला. जाऊबाई तेव्हा पाळण्यात. बापाचा चेहरा नाही, समाधी नाही. आईनं सांगितलेलं एवढंच, की त्याच्या तोफेपाशी उभं राहिलं म्हणजे खाली तळं दिसतं. आभाळ निवळलं की आपल्या वावरातून डोंगराची निळी रेघ दिसते ना, तिच्याकडे पाहत त्यांनी जन्मभर निंदण केलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, रेघ पुसट झाली. तशातच बातमी आली की गडाचे तट पाडले, राहिलं ते रान गिळून राहिलं. जाऊबाईंनी धोसरा लावला, "मले दिसते तोवर एकदा तिथं न्या."

नेमकं ते साल कापसाचं. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली म्हणे, आणि आपल्या पऱ्हाटीला सोन्याची कळा आली. बैल कापसाला, गाड्या-बंड्या कापसाला, माणसं कापसाला. भासरे, म्हणजे तुझे बाबा, म्हणाले, "वेचण्या होऊ दे, मंग पाहू." वेचण्या होईपर्यंत उन्हाळा, आणि डोळ्यांचं कोण सांगणार...

बोंडं फुटली. थोरल्या सुनेनं वावरात दहीभात शिंपून सीतादही केल्याशिवाय आपल्याकडे कोणी बोंडाला हात लावत नाही. बाया ओट्या बांधून वावराच्या धुऱ्यावर उभ्या, आणि जाऊबाई घरात दह्याचं गाडगं मांडीवर घेऊन बसलेल्या.

"काहून बसली वं? बाया खोळंबल्या," भासरे म्हणाले.

"दही लागलं नाही."

"काल तं विरजलं."

"विरजलं. पण हे दही गडावर गेल्याशिवाय लागत नाही."

भासरे माझ्याकडे वळले, धाकटीच्या हातून करून घ्यावं म्हणून. मी त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. पदर पुढे ओढला, कमरेला हात लावला आणि कण्हत खाली बसले. दुसऱ्या दिवशीही दही लागेना. शेजारच्या वावरात वेचणी रंगात आलेली, भासरे अंगणात येरझारा घालून थकले. शेवटी त्यांनीच दमणी जुंपली, आणि जाऊबाई दहीभाताचं गाडगं घेऊन चढून बसल्या.

काय सांगू मंजुळा, आम्ही दोघी पोरी झालो होतो. जाऊबाई मला मागे टाकून घाट चढत होत्या. दरवाज्यावर दोन तोंडांचं दगडी पाखरू आहे, ते मी त्यांना सांगितलं. "दोन तोंडं? मंग तुह्या भासऱ्यासारखंच हाय," त्या म्हणाल्या. भासरे मागे धापा टाकत होते, त्यांना ऐकू गेलं असणारच.

उत्तरेचा तट ठिकठिकाणी ढासळलेला. तोफा गवतात पडलेल्या. कोणती कोणाची, कोण सांगणार? जाऊबाई एकेका तोफेपाशी उभ्या राहत.

"पाह्य वं, तळं दिसते का?"

"नाही."

पुढची तोफ. "आता?"

"झाडं आडवी येऊन राहिली."

नाहीच दिसलं तर ही बाई कशी परतणार... एका पडक्या कोपऱ्यात मी वाकले आणि खाली पाणी चमकलं.

"दिसते, जाऊबाई."

"खरं सांग. माह्यं मन राखू नको."

"तुमची आन. काठावर दोन बगळे बी हायेत."

त्यांनी उन्हानं तापलेल्या त्या तोफेवर दोन्ही हात ठेवले. हात भाजले असतील, पण उचलले नाहीत. मग गाडग्याचं फडकं सोडलं आणि दहीभात तिथं शिंपला. "बाबा, सापडले तुमी," एवढंच म्हणाल्या. भासऱ्यांनी वहाणा काढल्या. उरलेला दहीभात वावरात शिंपला, मगच आमची वेचणी लागली. पुढे डोळे पुरते गेले, तरी येईल त्याला त्या गड सांगत; तू यायचीस ती घाईत, म्हणून तुझ्याच कानी पडला नाही. दर खेपेला बगळे वाढत गेले.

आता थोरलेपण माझ्याकडे आलं. पऱ्हाटी फुटली आहे, बाया रोज विचारून जातात. मी सांगते, दही लागलं नाही. भासरे रागावतील वाटलं होतं. ते उठले आणि दमणीच्या चाकांना वंगण घालून बसले. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तू तळं धड पाहशील. लवकर ये, बाई. वेचणी थांबली आहे.