कौशल्याबाईंचा फ्रीज आणि जावयाची टर्की

नेपानगरच्या मिल कॉलनीत कौशल्याबाईंची काळजी प्रसिद्ध होती. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी त्यांच्या छातीत धस्स होई. मन चिंती ते वैरी न चिंती, हे त्यांच्याकडे पाहूनच कुणीतरी म्हटलं असावं. त्यात लेक मनीषा माहेरी आलेली. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. या खेपेला सातवा महिना लागला होता आणि बाई तिला मोठ्यानं शिंकूही देत नव्हत्या.

मनीषाला डोहाळे लागले, तेही टर्कीचे. मोबाइलवर कुणीतरी तो अख्खा पक्षी भाजताना दिसला आणि पोरीनं ध्यासच घेतला. तिचा नवरा जीवन पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तो थर्माकोलच्या खोक्यातून दगडासारखी गोठलेली टर्की घेऊन आला.

"मामी, फ्रीजमधे खालच्या कप्प्यात, परातीत ठेवा. हळूहळू बर्फ सुटू द्या. बस, बाहेर नका ठेवू," असं सासूला बजावून तो आपल्या आईला भेटायला जवळच्या फोपनार गावी गेला. रविवारी येऊन तोच रांधणार होता.

बाईंनी मान डोलावली. जावयाला नाही कोण म्हणणार? पण त्या फ्रीजात आजवर अंडंसुद्धा गेलं नव्हतं. तिथं नैवेद्याचं लोणी असे. नवऱ्याला, रामदासरावांना, मटण लागे. ते बाजारातून थेट मागच्या अंगणात जाई, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. शिजलं, खाल्लं, भांडी राखेनं घासली, विषय संपला. या घरात मांस कधी मुक्कामाला राहिलंच नव्हतं. बाईंनी टर्की अंगणात घमेल्यात घातली, वर ओलं पोतं टाकलं, टोपलं झाकून त्यावर दगड ठेवला. मांजराचा बंदोबस्त झाला म्हणजे सगळं झालं, असं त्यांना वाटलं.

वैशाखाचं ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी टोपलं उचललं, तर वरचं मांस बोटानं दबत होतं, पोटात मात्र अजून बर्फ. घमेल्यात गुलाबी पाणी साचलेलं.

"बास येते का?" नाक पुढं करून हुंगत रामदासरावांनी विचारलं.

"नई."

"मंग काय? चांगलं उकळून टाकू. चुलीपुढं काय टिकते?"

बाईंचा जीव काही थाऱ्यावर येईना. त्यांनी जीवनला फोन लावला आणि आडून विचारलं, "जावईबापू, समजा एखाद्यानं बाहेर ठेवलं तर?"

"तर फेकायचं, मामी. आत बर्फ असला तरी वरचं गरम होते, तिथं जंतू वाढतात. बास येईलच असं नाही. अन् काहींचं विष शिजवूनही जात नाही. का बरं?"

"सहजच," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मांजरानं नेलं म्हणावं, असं मनात येऊन गेलं. खरं सांगितलं तर जावयापुढं नाक कापलं जाणार, आणि बाळंतपण पुण्यालाच करू म्हणून तो लेकीला घेऊन जाईल, ही धास्ती होती. आतून मनीषा विचारत होती, "आई, उद्या होईल ना गं?"

त्या आवाजानं बाईंचा निश्चय झाला. रामदासराव 'एवढ्या लांबून आणलेलं' म्हणत राहिले, तरी त्यांच्याकडूनच कुंपणाजवळ खोल खड्डा खणवून बाईंनी टर्की पुरली. हात साबणानं घासून धुतले आणि मनीषासमोरच पुन्हा फोन लावला.

"मीच बाहेर ठेवली होती. तुमच्यापुढं मान डोलावली, पण फ्रीजात ठेवायला मन झालं नाही. आता पुरून टाकली. मनीषानं खाल्ली नाही."

"दुसरी मागवतो," जीवन म्हणाला. आवाजात राग होता आणि त्यानं तो लपवलाही नाही. "पण मामी, ठेवाल कुठं?"

बाईंनी फोन कानाशी धरूनच फ्रीज उघडला आणि वाटी ओट्यावर काढली.

"फ्रीजात," त्या म्हणाल्या. "देवाचं लोणी बाहेर काढलंय. वितळलं तर वितळू दे. माझ्या लेकीचं बाळ तेवढं नीट येऊ दे."