वाटेवर नसलेला मामा

टीना माझ्या वर्गात आली तेव्हापासून शेवटच्या वर्षापर्यंत गप्पच बसली. तोंड उघडलं तेही नाही म्हणायला.

बी.ए.ला अद्भुत साहित्याचा नवा पेपर आला आणि आमच्या तुमसरच्या कॉलेजातल्या पोरांनी तो हौसेने घेतला. राक्षस आणि पऱ्या, त्यात कसला आलाय अभ्यास, असा त्यांचा समज. पहिल्याच तासाला मी तो खोडून काढला. अद्भुत म्हणजे वाट्टेल ते नव्हे. त्या जगाचे नियम असतात, ते मोडायचे नसतात, त्यांच्यातूनच वाट काढायची असते. हे मी इतकं घोकते की पोरं माझ्या माघारी माझी नक्कल करतात.

तोंडी परीक्षेला मी एकच काम दिलं. घरी ऐकलेली एक अद्भुत कहाणी वर्गात सांगायची आणि तिचे नियम उलगडून दाखवायचे. हे केलं नाही तर पेपर गेला.

टीना उभी राहिली. म्हणाली, "दिवसा नाही सांगता येत, मॅडम. दिवसा कहाणी सांगतली त मामा वाट चुकते."

वर्ग खिदळला. मला हसू आलं नाही, रागच आला. तिसऱ्या वर्षाची मुलगी आणि हे बोलणं? ती मात्र खाली न बसता तशीच उभी राहिली, म्हणून तास संपल्यावर मी तिला बोलावून घेतलं.

टीनाचे वडील ती लहान असतानाच गेले. आई कुंताबाई तिला घेऊन चिखल्याला भावाकडे आली. हा भाऊ, हेमराज, खाणीतलं मँगनीज ट्रकने तुमसरला आणतो आणि त्याच्याच केबिनमध्ये बसून टीना कॉलेजला येते. कुंताबाईपाशी कहाण्यांचं भांडार आहे, पण ते उघडतं दिवे लागल्यावरच. लहानपणी आपल्या गावी, कोंढ्याला, कुंताबाईने एकदा भर दुपारी खळ्यावर मैत्रिणींना कहाणी सांगितली होती. त्याच दिवशी तिचा मामा गोमाजी अड्याळच्या बाजाराला गेला तो परतलाच नाही. तिला कुणी बोल लावला नाही. तिने स्वतःच तो लावून घेतला आणि आजवर उतरवलेला नाही. पोरगी नापास झाली तरी चालेल, पण ट्रकवरचा भाऊ संध्याकाळी घरी आला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

एवढं ऐकल्यावर अंधश्रद्धेवरचं भाषण मी बाजूला ठेवलं. मी तडजोड सुचवली की रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, मी मार्क देईन. टीनाने नकारार्थी मान हलवली. सगळे समोर उभे राहून सांगणार, मग मीच लपून काहून सांगू, असं तिचं म्हणणं. आणि आईच्या जिवाला घोर लावूनही सांगायचं नव्हतं. मी वैतागले. म्हटलं, मग करणार तरी काय?

आठवडाभराने ती आली ते उत्तर घेऊनच.

"तुमीच सांगतलं ना मॅडम, नियम मोडाचा नसते. नियम म्हणते, मामा वाट चुकते. पण मामा वाटेवर नसलाच त?"

माझीच शिकवण तिने माझ्यावर उलटवली होती. खरं सांगते, फार बरं वाटलं.

आईला तिने असंच पटवलं होतं. कुंताबाईनेही अटी घातल्या. कहाणी सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर भावाने फोन करायचा, आणि दिवे लागल्याशिवाय रस्त्याला लागायचं नाही. परीक्षेच्या दिवशी हेमराजने खेप सोडली, ट्रक कॉलेजबाहेर लावला आणि धुतलेला शर्ट घालून मागच्या बाकावर अंग चोरून बसला. रोज फाटकापर्यंत येणारा हा माणूस पहिल्यांदाच आत आला होता.

टीनाने सुरुवात केली. तलावातली मासोळी बाई होऊन एका घरी भात रांधते, पण ती कुठून आली हे कुणी विचारायचं नाही. टीना घरच्याच बोलीत सांगत होती. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि ती मध्येच अडखळली. ती खिडकीबाहेर पाहू लागली. आता ही रडणार, असं मला वाटलं.

मागून हेमराजचा आवाज आला, "हूं. मंग?"

रात्री घरी तो असाच हुंकार देत असणार. टीनाने मान वर केली आणि पुढचं वाक्य खणखणीत म्हटलं. तोही दरेक वाक्याला हूं म्हणत गेला. हळूहळू पोरंही म्हणू लागली आणि केव्हातरी मीही म्हणू लागले. शेवटी तिने नियम उलगडले, एकही न चुकता. ती पास झाली. मी एकही मार्क फुकट दिला नाही.

तीन वाजता ऊन मी म्हणत होतं. मामा-भाची झाडाखाली दिवे लागायची वाट पाहत बसली होती आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. हेमराजने ठरल्याप्रमाणे फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून. म्हणाला, "बाई, झाली कहाणी. मी अठीच आहो." मग टीनाकडे पाहत, पण बहिणीलाही ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढच्या बारीले मी नसलो तरी सांगजो. चुकलो त वाट पुसत पुसत येईन घरी. तू थांबू नोको."

पलीकडून कुंताबाईचा आवाज आला.

"दिवे लागेपर्यंत नोका बसू तठी. निघा आता."