रेडिएटरचं झाकण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. एकदा बहिणीसमोर अगदी ओठांवर आलं होतं. आम्ही दोघी पापड लाटत होतो, घरात तिसरं कुणी नव्हतं, पण तिने मध्येच पिठाबद्दल काहीतरी विचारलं आणि मी पिठाबद्दलच बोलत राहिले. सुटल्यासारखं वाटलं. आता तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहिते. तुम्ही पिठाचं विचारू नका म्हणजे झालं.

गोष्ट एका झाकणाची आहे. गाडीच्या रेडिएटरचं, मुठीत मावेल एवढं झाकण. एवढ्याशा वस्तूचं काय घेऊन बसायचं, असं मीही स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिलं.

लग्न होऊन मी मनमाडहून नाशिकला आले ती सत्तरचं दशक संपता संपता. वडील रेल्वेत, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि लहानपणापासून एक खोड — हे असं का, ते तसं का. कुकरची शिट्टी नेमकी कशाने होते, लांब गेलेल्या इंजिनच्या भोंग्याचा सूर का उतरतो. सासरी या खोडीचं कौतुक होईल अशी काही अपेक्षा नव्हती. ह्यांची सरकारी कचेरीत नोकरी. ह्यांना जेवताना पेपर लागायचा, प्रश्न नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी हुशार हाय, पण डोकं लय चालतं तिचं." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला कधी कळलं नाही.

माझ्या प्रश्नांना घरात एकच गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे धाकटे दीर, मिलिंदभाऊजी. डिप्लोमा करून सातपूरच्या एका कारखान्यात लागलेले. मी काही विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "बघूया की करून, वहिनी." तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटायचं.

भाऊजींना गाड्यांचं वेड. तेव्हा टॅक्सी म्हणून जी गाडी गावोगाव दिसायची, तसलीच एक जुनी पांढरी गाडी त्यांनी घेतली होती आणि मुंबईच्या भंगार बाजारातून एक परदेशी टर्बो आणून तिला बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारं पातं. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्याने गाडीची ताकद वाढते, आणि तापही वाढतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची ती वर्षं. अंबडला औद्योगिक वसाहतीचे रस्ते झाले होते, कारखाने यायचे होते. सगळीकडे कुसळांनी भरलेले प्लॉट आणि त्यांच्याभोवती रिकामे, सरळ डांबरी रस्ते. रविवारी सकाळी सासूबाई विहारात जायच्या आणि आम्ही अंबडला. गाड्यांचे वेडे पाच-सहाजण जमून तिथे फेऱ्या मारायचे. त्याला शर्यत म्हणायचं नाही, 'गाडी बघणं' म्हणायचं.

आमची गाडी पळायची छान, पण दोन-तीन फेऱ्यांत तापमानाचा काटा तांबड्या रेषेला टेकायचा. मग भाऊजी निमूट कडेला घ्यायचे आणि बॉनेट उघडून बसायचे. बाकीच्या गाड्या समोरून जात राहायच्या.

का तापते? पाणी भरलेलं, रेडिएटर साफ, पंखा फिरतोय — मग हवा जाते कुठे? मी स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे वीतभर तुकडे कापले आणि आम्ही ते चिकटपट्टीने जाळीवर, आत रेडिएटरच्या कडांना, बॉनेटच्या मागच्या काठाला लावले. बॉनेट काढून ठेवून एक फेरी, लावून एक फेरी. हे स्कूटर चालवायचे आणि मी मागे बसून बघायची, कुठला धागा कुठे ओढला जातो. लग्न झालेली बाई गाडीला लोकर लावत फिरतेय म्हणून सगळे हसले. हसू देत. धाग्यांनी सांगितलं की हवा जाळीतून आत येते आणि रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूच्या फटींतून पळ काढते. मग आम्ही अंगणात बसून तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, दोन्ही बाजूंना भिंती केल्या, पंख्याभोवती कडं केलं, फटींत सायकलच्या ट्यूबचं रबर कोंबलं. फेऱ्या वाढल्या. त्या रविवारी भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे डोकं आमच्या वहिनींचं. त्याआधी माझ्याबद्दल चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं. मला ते फार आवडलं. तिथूनच माझं बिघडलं असं म्हणता येईल, पण ती सबब झाली.

तरी काटा चढायचाच, पूर्वीपेक्षा उशिरा एवढंच. आणि मला झाकण सुचलं.

रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि तिच्या खाली रबर. ते आतलं पाणी दाबून धरतं. दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं, कुकरमध्ये होतं तेच. मग दाब आणखी वाढवला, पाणी उकळून बाहेर गेलंच नाही, तर काटाही खाली राहील? भाऊजींना सांगितलं. पहिल्यांदाच ते 'बघूया की' म्हणाले नाहीत. म्हणाले, "नको वहिनी. रेडिएटर जुना, जागोजाग डाग देऊन सांधलेला. दाबाशी खेळ नको." विषय संपला — त्यांच्यापुरता.

शनिवारी त्यांनी झाकण गंज काढायला माझ्याकडेच दिलं. मी गंज काढला. आणि ट्यूबच्या रबराच्या दोन चकत्या कापून झाकणाच्या रबराखाली चिकटवल्या. एवढंच. कात्री, पंक्चरच्या सोल्युशनची नळी आणि दुपारचा निवांतपणा. माझ्या मनात काय होतं? वाईट काही नव्हतं, खरंच नव्हतं. काटा खाली राहतो का, ते बघायचं होतं. राहिला की सांगणार होते. भाऊजी चकित होणार होते, आणि मग पुन्हा सगळ्यांसमोर... जाऊ दे. तुम्हाला कळलं असेल.

रविवारी झाकण मीच लावलं. भाऊजींनी सवयीने हात लावून बघितलं आणि विचारलं, "आज घट्ट बसलंय का हो?" मी म्हटलं, गंज काढला ना, म्हणून. किती सहज आलं ते! आधी ठरवलेलंही नव्हतं.

आणि काटा खाली राहिला. फेरीमागून फेरी झाली, काटा जागचा हलेना. तांबड्या रेषेच्या खाली, शहाण्यासारखा. लेण्यांच्या डोंगराकडून वारा येत होता, मी रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. इतका निखळ आनंद मला त्यानंतर फार थोड्या वेळा झाला आहे. हे सांगायला लाज वाटते, पण झाला होता हे खरं.

आता झाकण उघडायची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते झाकण दोन टप्प्यांत उघडतं. थोडं फिरवलं की अडतं, आणि तिथे आतली वाफ बाजूच्या नळीतून सुंऽऽ करत निघून जाते. तो आवाज पूर्ण थांबला की मग दाबून पुढे फिरवायचं. भाऊजी याबाबतीत इतके काटेकोर की मित्र त्यांना 'पूजा सांगताय का' म्हणून चिडवायचे. त्या दिवशीही फेऱ्या संपल्यावर पाणी बघायला म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं, वाट पाहिली, फडकं घेतलं, झाकण पहिल्या टप्प्यावर आणलं आणि कान देऊन थांबले. आवाज आलाच नाही. "आज वाफच नाही. गार आहे की," असं म्हणून त्यांनी झाकण दाबून पुढे फिरवलं.

माझ्या चकत्यांनी रबर जाड झालं होतं. पहिल्या टप्प्यावरही ते खाली दाबलेलंच राहिलं आणि वाफेला वाट मिळाली नाही. मी दाबाचा सगळा विचार केला होता. झाकण कधीतरी उघडावं लागेल, हा विचारच केला नव्हता.

उकळतं पाणी उसळलं, झाकण कुसळांत उडालं. उजवा हात, मान, गालाची एक बाजू. भाऊजी ओरडले नाहीत, रस्त्यावर बसून नुसतं हुंऽ हुंऽ करत राहिले. हे आणि बाकीचे चहाच्या किटलीजवळून धावत आले. कुणी पाणी ओतलं, कुणी दुसरी गाडी आणली. मी काय करत होते? मी कुसळांत झाकण शोधत होते. सापडलं. अजून चटका बसत होता. पदरात धरून मी त्याच्या दोन्ही चकत्या ओढून काढल्या, कमरेला खोचल्या आणि झाकण होतं तिथेच टाकलं. घरी आल्यावर चकत्या बंबात घातल्या. सासूबाईंनी विचारलं, रबर कसलं जळतंय. मी म्हटलं, चप्पल.

नंतर ज्याने त्याने झाकण हातात घेऊन पाहिलं. झाकण ठीकच होतं. मग एकच उत्तर उरलं: मिलिंदने घाई केली. एरवी एवढा काटेकोर, पण फेऱ्या चांगल्या झाल्या म्हणून हुरळला. जो भेटायला येई तो हेच म्हणे, मायेनेच म्हणे. भाऊजी खाटेवरून सांगायचे, "मी थांबलो होतो. आवाज आला नाही." लोक मान हलवायचे. आजारी माणसापुढे हलवतात तशी.

एक दिवस मी त्यांच्या हाताची पट्टी बदलत होते. घरात दोघंच होतो. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही होतात ना तिथे. आवाज आला होता का?"

मला म्हणता आलं असतं. दार लोटलेलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं, आणि ते रागावले नसते हेसुद्धा मला माहीत होतं. कदाचित हसले असते. मी म्हटलं, "आला असेल, भाऊजी. माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी पट्टीतला हात उचलून बघितला. मग म्हणाले, "असेल." त्यानंतर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दोन बोटं कायमची वाकडी राहिली. कारखान्यात मशिनवरून स्टोअरमध्ये बदली झाली. गाडी विकली. हे सगळं भरून निघालं असतं कदाचित, पण मी कधी काही विचारलं की ते म्हणू लागले, "तुम्हीच बघा, वहिनी. माझं काही खरं नाही." माणसाच्या हाताला इजा करणं वेगळं, आणि त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास काढून घेणं वेगळं. हे दुसरं मी पट्टी बांधता बांधता केलं.

अजून एक राहिलं आहे. ते आधीच सांगायला हवं होतं. इतका वेळ आजूबाजूने फिरते आहे.

मी तेव्हा लांब नव्हते. गाडी थांबल्यावर काटा बघायला गेले होते आणि तशीच त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले होते. पाणी किती तापलंय ते मी नुकतंच पाहिलं होतं. झाकण पहिल्या टप्प्यावर आलं आणि आवाज आला नाही, तेव्हा मला भीती वाटली नाही. कुतूहल वाटलं. असं का? आत वाफ आहे, मग ती गेली कुठे? भाऊजी कान देऊन थांबले होते तेवढा सगळा वेळ मी हाच विचार करत होते. आणि ते दाबायला लागले त्याच्या आधी, किंचित आधी, मला उत्तर सापडलं. 'थांबा' म्हणायला पुरेल एवढा वेळ होता. मी बघत राहिले. माझं उत्तर बरोबर आहे का, ते बघत राहिले.

हेच ते. नवऱ्याला, बहिणीला, कुणालाच न सांगितलेलं.

भाऊजी आता सत्तरीकडे आले आहेत. परवा त्यांच्या जावयाने गाडी घेतली, पेढे घेऊन सगळे आमच्याकडे आले होते. बॉनेट उघडून दाखवणं झालं. भाऊजींनी आपला वाकडा हात पुढे केला आणि जावयाला समजावून सांगितलं, हसत हसत, "या झाकणाशी घाई करायची नाही बरं का. आम्ही केली. चांगला सुंऽऽ आवाज येत होता, माझ्या या कानांनी ऐकत होतो, पण दम निघाला नाही." सगळे हसले. आता त्यांना तो आवाज आठवतो.

आवाज आला नव्हता. भाऊजी थांबले होते. मी हातभर अंतरावर उभी होते, आणि माझं पूर्ण लक्ष होतं.