आधी सगळ्यांना बाहेर पाठवणाऱ्या मंदाताई

ॲडव्होकेट मंदाकिनीताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात नामवंत वकील आणि निवृत्त न्यायाधीश लिहिणार आहेत, असं संपादकांनी मला कळवलं. मग माझा लेख कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पक्षकारांपैकी कुणी लिहायला नको का?" म्हणून लिहिते आहे. माझी केस अजून कोर्टात आहे. जीव थाऱ्यावर नसताना लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्यावं.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले, मी तिथल्या लिंबायतमध्येच वाढले आणि लग्न होऊन जवळच्या कडोदऱ्याला गेले. सासरी पटेना, तेव्हा मुलीला, गौरीला घेऊन माहेरी परतले. ती तेव्हा चार वर्षांची होती. एका रविवारी तिचे पप्पा आले, "आजी आठवण काढतेय, दोन दिवस नेतो" म्हणाले आणि घेऊन गेले. आठवडा गेला तरी परत आणेनात, म्हणून मी गेले, तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "पोरगी आमची आहे. तुला जायचं होतं, तू गेलीस." आतून गौरीचा आवाज येत होता आणि मला उंबरा ओलांडू देत नव्हते. बसमध्ये मी कशी बसले, घरी कशी आले, काही आठवत नाही.

मग वकील शोधणं सुरू झालं. आमच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. थोरले काका, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना मोठ्या आवाजाचा वकील हवा होता. तसे एक मिळालेही. त्यांनी आमचं अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "सौ टका जीतेंगे, टेन्शन मत लो." आबा खूश झाले. मला मात्र धडकी भरली, कारण त्या गृहस्थांनी माझ्या लेकीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. शेजारच्या शोभाकाकूंची केस कधीकाळी मंदाताईंनी लढवली होती. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे जा. गोड बोलायच्या नाहीत, पण फसवायच्याही नाहीत."

भेटीची वेळ ठरली आणि आमच्याकडे जे होतं तेच झालं. वकिलाकडे एकटं कसं जायचं? आबा निघाले, वडील निघाले, दोन मामा, आत्या, शिवाय लग्न जुळवणारे मध्यस्थ. दोन रिक्षा भरून निघालो, जणू साखरपुड्यालाच चाललोय! मी लग्नपत्रिका, गौरीचा जन्मदाखला, बालवाडीचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असं सगळं पिशवीत कोंबलं होतं. रिक्षात आबांनी मला पढवलं, "नवरा पितो, मारतो, असंच सांगायचं. त्याशिवाय कोर्ट पोर देत नाही. आणि तू काहीच बोलू नको, आम्ही बोलसूत." मी मान हलवली.

ताईंच्या ऑफिसात खुर्च्या पुरल्या नाहीत. पांढरी साडी, नाकावर घसरलेला चष्मा, समोर थंड झालेला चहा. आबांनी सुरुवात केली, मामांनी री ओढली, आत्या रडायला लागल्या. ताईंनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "केस कुणाची आहे?"

"आमचीच म्हणा," आबा म्हणाले.

"मूल कुणाचं आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई शांतपणे म्हणाल्या, "खाली चहा चांगला मिळतो. सगळ्यांनी घेऊन या. ही इथे बसेल." आबांचा चेहरा असा पडला की काय सांगू! आमच्या बिरादरीत त्यांना आजवर कुणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. गेले बिचारे.

दार लागलं आणि मी एकटी उरले. एवढी माणसं सोबत आणली होती ती याचसाठी, की मला बोलायला लागू नये. ताईंनी कायद्याचं काही विचारलंच नाही. गौरी सकाळी उठून आधी काय मागते? ताप आला की कुणाला हाक मारते? झोपताना काय लागतं? मी सांगत गेले. दूध नको म्हणते, चहात बुडवून टोस्ट हवा. झोपताना माझ्या ओढणीचं टोक मुठीत लागतं. सांगता सांगता हुंदका आला. ताईंनी पाण्याचा पेला सरकवला, गप्प बसायला सांगितलं नाही.

मग एकदम विचारलं, "नवरा पितो?"

मी दाराकडे पाहिलं. "नाही."

"मारतो?"

"नाही. आईपुढे बोलत नाही, एवढंच. पोरीवर जीव आहे त्याचा."

सगळं हातचं गेलं, असंच मला वाटलं. ताई म्हणाल्या, "हे मला आज कळलं ते बरं झालं. समोरच्या वकिलाने भर कोर्टात तुला खोटं पाडलं असतं, तर तुझ्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता." मी विचारलं, "ताई, मिळेल ना हो गौरी?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. पण उद्यापासून कामाला लागते." माहीत नाही! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तरी घरी मी ठामपणे सांगितलं, वकील ह्याच.

काही महिन्यांनी कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत गौरी माझ्याकडे आणि रविवारी पप्पांकडे. मी ताईंच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "आधी पोरीला जेवायला घाल, सकाळपासून उपाशी आहे." आणि स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी तिच्यापुढे ठेवली. त्या दिवशी ताई दुपारभर चहावर होत्या, हे मला मागाहून त्यांच्या कारकुनाने सांगितलं.

पण ताई नुसत्या मायाळू आहेत असं कुणी समजू नये. एकदा गौरी रविवारी जायला तयार होईना, तेव्हा मी ताईंना आनंदाने फोन केला. त्यांनी मला अशी झापली की कानातून वाफा निघाल्या! "तिच्या मनात बापाबद्दल काही भरवलंस, तर तुझे कागद परत करीन. दुसरा वकील बघ." मी काहीच भरवलं नव्हतं, देवाशपथ. तरी तेव्हापासून रविवारी तिची वेणी घालताना मी जीभ दाताखाली धरून असते.

गौरी आता सात वर्षांची आहे. येत्या सोमवारी न्यायाधीश साहेब तिला आपल्या खोलीत बोलावून एकटीशी बोलणार आहेत. कुणाकडे राहायचं, तिला काय वाटतं, ते विचारणार. मी नाही, तिचे पप्पा नाहीत, ताईसुद्धा नाहीत. मी ताईंना विचारलं, "काय शिकवून आणू?" त्या म्हणाल्या, "काहीही नाही. पोटभर जेवू घालून आण." आबा रोज फोन करतात, "पोरीला दोन शब्द तरी सांगून ठेव." परवा गौरीनेच विचारलं, "मम्मी, साहेबांना मी काय सांगू?" माझ्या ओठावर आलं होतं हो! सगळंच्या सगळं आलं होतं. मी म्हटलं, "तुला वाटेल ते," आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे तिला माझं रडणं ऐकू येऊ नये.

मागच्या पंधरवड्यात ताई बाथरूममध्ये घसरल्या. बातमी ऐकून मी धावत दवाखान्यात गेले. वाटेत ताईंची काळजी आणि तारखेची काळजी, दोन्ही एकदमच वाटत होती. ताईंनी माझा चेहरा ओळखला. म्हणाल्या, "पाय मुरगळलाय, तोंड शाबूत आहे."

ताई, अशा लेखाच्या शेवटी उदंड आयुष्य आणि उत्तम आरोग्य मागायचं असतं. मी ते देवाकडे रोज मागते. हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. वाचणाऱ्यांना कदाचित निकालही कळलेला असेल. मला आज काहीच माहीत नाही, आणि तुम्हीही सांगत नाही. शंभर वर्षं जगा, ताई. पण येत्या सोमवारी, काठी टेकत का होईना, साहेबांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी बसायला या.